डेकच्या कठड्यासाठी परदेशी कठीण लाकूड: एका निवडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

घर उतारावर बांधलेलं, समुद्रावरून येणारा खारा वारा थेट अंगावर घेणारं. मागच्या बाजूला जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंचीवर लाकडी डेक. डेकच्या फळ्या इपेच्या होत्या. इपे हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड. पाण्यात टाकलं तर बुडतं, इतकं जड. बरीच वर्षं ऊन-पाऊस खाऊनही त्या फळ्या रुपेरी रंग सोडला तर जशाच्या तशा होत्या. कठडा मात्र खर्च वाचवायला औषध भरलेल्या पाइनचा केलेला. फळीच्या पृष्ठभागाला औषध होतं, पण जागेवर कापलेल्या टोकांना कुणी लावलं नव्हतं. खालच्या आडव्या पट्टीत खाचा पाडून उभे गज बसवले होते आणि त्या प्रत्येक खाचेत पाणी साचत होतं. गज खालून कुजले, खांब बुडाशी मऊ पडले. एका संध्याकाळी धाकटा मुलगा कठड्याला टेकला आणि पट्टी बाहेरच्या बाजूला झुकली. दुर्घटना टळली, पण त्याच दिवशी डेकच्या दाराला कुलूप लागलं.

घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि काठी घेऊन चालणाऱ्या आजी. आजींचा दिवसातला बराच वेळ डेकवर जायचा. कठड्याला धरून त्या टोकापर्यंत जात आणि परत येत, हाच त्यांचा व्यायाम. निवड कशी झाली ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. सुरुवातीच्या चर्चेत मात्र तिचा उल्लेखही नव्हता.

अडचण

मालकांनी आम्हाला बोलावलं तेव्हा त्यांचा निर्णय जवळपास झालेला होता: डेक इपेचा आहे, कठडाही इपेचाच करायचा. त्यांनी जांका कठीणपणाचा तक्ता छापून आणला होता. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, त्यावरून हा आकडा ठरतो. इपेचा साधारण ३,५०० पाउंड-फोर्स, सागाचा हजाराच्या थोडा वर. म्हणजे तिपटीहून जास्त. तक्ता समोर ठेवून ते म्हणाले, "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

विचार करण्यासारखं होतं, कारण जांकाचा आकडा पायाखालच्या फळीसाठी उपयोगी. खुर्चीचे पाय, टाचा, वाळूचे कण यांचा मार फळी खाते. कठड्यावर कुणी नाचत नाही. कठड्याला वेगळीच कामं असतात. आडवा धक्का सोसायचा, पकड द्यायची, ऊन खाऊनही हाताला चटका द्यायचा नाही, कुसळं काढायची नाहीत आणि प्रत्येक सांध्यातून पाणी वाहून जाऊ द्यायचं. जुना कठडा पडला तोही पाइन मऊ होतं म्हणून नव्हे, पाणी साचत होतं म्हणून. तीच रचना इपेमध्ये केली असती तर कुजायला जास्त वर्षं लागली असती, एवढाच फरक.

दुसरी अडचण पुरवठ्याची. हे सगळं २०२४ च्या सुरुवातीचं. साइट्स हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा इथे झालेल्या साइट्स परिषदेत इपेची हँड्रोअँथस ही प्रजाती आणि कुमारू या दुसऱ्या लाकडाची डिप्टेरिक्स प्रजाती परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार होणाऱ्यांच्या यादीत, घालायचं ठरलं होतं. अंमल २५ नोव्हेंबर २०२४ पासून. त्यानंतर या लाकडाची देशाबाहेर जाणारी प्रत्येक खेप निर्यात परवान्यासह जाणार होती. ही बंदी नव्हे, पण पुरवठादाराच्या तोंडी ती बंदीच झाली होती. "आत्ता घ्या, पुढे मिळणार नाही," असा त्याचा लकडा सुरू होता.

कोणकोणते पर्याय होते

इपे. घनता घनमीटरला साधारण १,०५० ते १,१०० किलो, ताठपणा सागाच्या पावणेदोन पट, कुजण्याला विरोध करण्यात युरोपीय मानकाच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात टिकाऊ वर्गात. डेकशी रंग जुळणार, हेही होतं. उणी बाजू कामाची: करवतीचं पातं लवकर बोथट होतं, प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडावं लागतं, आणि त्याच्या पिवळ्या भुशाने काहींना खाज व शिंका येतात. सरसही नीट धरत नाही.

कुमारू. जवळपास इपेइतकंच जड आणि टिकाऊ. पण रेषा एकमेकींत अडकलेल्या, एका थरात इकडे तर पुढच्यात तिकडे. उन्हात वर्षभर राहिल्यावर अशा लाकडाची रेषा उचलते, कुसळं वर येतात. पायाखाली ते चालून जातं, तळहाताखाली नाही. हा पर्याय आम्ही लगेच बाजूला ठेवला.

मसारांदुबा. लालसर, इपेइतकंच जड, आणि पुरवठादार हे 'इपेसारखंच' म्हणून पुढे करत होता. टिकाऊपणात खरंच तसं आहे. फरक हालचालीत. ओलं ते पूर्ण सुकं होताना रुंदीच्या दिशेत इपे सुमारे ७ टक्के आकसतं, मसारांदुबा ९ टक्क्यांच्या वर. पाऊस आणि कडक ऊन आळीपाळीने असलेल्या हवेत हा फरक फळी पिळवटण्याच्या आणि चिरा पडण्याच्या रूपात दिसतो.

साग. या चार लाकडांत सगळ्यात हलका (घनमीटरला ६५० किलोच्या आसपास), सगळ्यात मऊ, पण सगळ्यात शांत, म्हणजे कमी हलणारा. आकसणं ५ टक्क्यांच्या आसपास, अंगचं तेल, हाताला गुळगुळीत. प्रश्न कोणता साग हा. जंगली जुन्या सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो. लागवडीच्या सागाला तेच युरोपीय मानक एक ते तीन असा पसरट वर्ग देतं, कारण कोवळ्या झाडाच्या गाभ्याचा टिकाऊपणा कमी-जास्त असतो. शिवाय अशा झाडात गाभा कमी आणि सालीलगतचा पांढरा भाग जास्त. हा पांढरा भाग कुठल्याही झाडाचा असो, टिकाऊपणात तो शेवटच्याच वर्गात. इपेचा पांढरा भागही कुजतो, हे ऐकून मालकांना धक्काच बसला. त्यांच्या समजुतीत कठीणपणा म्हणजे झाडाच्या कणाकणात भरलेला गुण होता.

अ‍ॅसिटिक अनहायड्राइडची प्रक्रिया केलेला पाइन (अकोया) हाही चर्चेत होता. हालचाल फार कमी, टिकाऊपणा पहिल्या वर्गाचा आणि जंगलाचा प्रश्न नाही. मला स्वतःला तो आवडतो. पण मालकांना लाकूड 'लाकडासारखं जड' हवं होतं आणि त्यांचं घर होतं.

पहिला निर्णायक टप्पा: नमुना

पुरवठादाराने इपे म्हणून एक फळी पाठवली. रंग तपकिरी-लाल, वजन भरपूर, पाण्यात बुडाली. मालक खूश. मिस्त्रींनी रंधा मारला, भुसा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हा हिरवट-पिवळा नाही. डेकच्या फळ्या कापल्या होत्या तेव्हा हात पिवळे व्हायचे."

इपेच्या छिद्रांत लॅपाकॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं आणि ते अल्कलीत गडद लाल होतं. परीक्षा घरच्या घरी होते. दोन वाट्यांत धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवला. एका वाटीत डेकच्या जुन्या तुकड्याचा ताजा भुसा टाकला, दुसरीत नव्या फळीचा. पहिल्या वाटीतलं पाणी बघता बघता लालभडक झालं. दुसऱ्या वाटीत फिक्या चहासारखा रंग आला आणि तिथेच थांबला. ती फळी इपे नव्हती. रेषा आणि रंग बघता मसारांदुबा असण्याची शक्यता जास्त.

पुरवठादाराने वाद घातला नाही. त्यांच्याकडे असा माल 'ब्राझिलियन' अमुक-तमुक नावाने येतो आणि तसाच जातो, एवढंच तो म्हणाला. पुढे दुसरीकडून इपे घेतलं तेव्हा बिलावर शास्त्रीय नाव आणि आयातीची तारीख लिहून घेतली, आणि प्रत्येक नगाच्या टोकाचा भुसा सोड्यात टाकून पाहिला.

या टप्प्यावर घाई केली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब सोपा आहे. ठरलेली वरची पट्टी १४० मिमी रुंद होती. लाकडातला ओलावा पावसाळ्यात १८ आणि उन्हाळ्यात १२ टक्के धरला तर इपेची पट्टी साधारण २ मिमी फुगते-आकसते, मसारांदुबाची पावणेतीन मिमीच्या आसपास. कोपऱ्यातला पंचेचाळीस अंशांचा जोड दोन्ही बाबतींत उघडणार, मसारांदुबात जास्त.

दुसरा निर्णायक टप्पा: आजींचा हात

आम्ही इपेचा आणि सागाचा असे दोन तुकडे डेकवर ठेवले, दोन्ही गडद तेल लावलेले, आणि दुपारचं ऊन खाऊ दिलं. तिसऱ्या प्रहरी आजी आल्या. इपेच्या तुकड्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. सागावर ठेवला, तोही गरम होता, पण हात तिथेच राहिला. घन लाकूड उष्णता हाताकडे लवकर पोहोचवतं, त्यामुळे तापमान सारखं असलं तरी चटका वेगळा लागतो.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी १४० मिमीच्या नमुनापट्टीला धरायचा प्रयत्न केला. बोटं कडेला पोहोचत नव्हती. "ही पट्टी चहाचा कप ठेवायला बरी," त्या म्हणाल्या, "धरायला काय उपयोग?"

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय याच वाक्याने झाला, आणि तो लाकडाच्या जातीबद्दल नव्हता. पट्टी १४० वरून ४५ मिमी रुंदीवर आली, उंची ६० मिमी, वरचा भाग गोल. पकड मिळाली, पाणी वर थांबेना. शिवाय रुंदीच कमी झाल्याने सागाची मोसमी हालचाल अर्ध्या मिमीच्या आसपास उरली. जातींच्या तुलनेत आम्ही जे टक्के मोजत बसलो होतो, त्यांच्यापेक्षा आकार बदलल्याने जास्त मिळालं.

काय ठरलं आणि का

खांब इपेचे, ९० × ९० मिमी. हातपट्टी जुन्या घरातून निघालेल्या तुळयांच्या सागाची. मधली भरण लाकडाची नाहीच: ३१६ प्रतीच्या, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलची चौकट, १२ मिमीचे उभे गज, मोकळी जागा ९५ मिमी. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून अनेक देशांचे नियम ही जागा १०० मिमीच्या आसपासच ठेवायला सांगतात. आडव्या तारांचा पर्याय सुंदर दिसतो, पण मुलं त्याची शिडी करतात.

गज स्टीलचे करण्यावर मालक नाराज होते. पण जुना कठडा जिथे कुजला त्या खाचा, म्हणजे खालच्या पट्टीतली लाकडाची उघडी टोकं, या रचनेत उरतच नव्हती. लाकूड टोकाकडून पाणी पितं. बाजूने जातं त्याच्या कित्येक पट. प्रत्येक गजाची दोन टोकं धरली तर लाकडी भरणीत अशी शेकडो तोंडं तयार होतात आणि त्यांना वर्षानुवर्षं मेण लावणारा माणूस कुठल्याही घरात नसतो.

साग ताठपणात कमी, म्हणून अंतराचा हिशोब केला. ४५ × ६० च्या सागाच्या पट्टीला मधोमध ९० किलोचा आडवा भार दिला तर खांबांत १.८ मीटर अंतर असताना ती सुमारे २० मिमी वाकते, १.५ मीटरला सुमारे ११. अंतराचा घन लागतो, त्यामुळे थोडं जवळ आणलं की खूप फरक पडतो. खांब दीड मीटरवर आणले. पट्टीच्या खाली स्टील चौकटीची ४० × ६ ची आडवी पट्टी होती. ती आडव्या दिशेत जवळपास सागाइतकीच ताठ असल्याने उरलेली लवचिकताही निम्म्यावर आली. इपेचा ताठपणा हातपट्टीसाठी लागलाच नाही.

खांबांना तो लागत होता, पण खांबाचं खरं दुखणं बुडाशी असतं. मीटरभर उंचीवर दिलेला धक्का खालच्या दोन बोल्टांवर येतो. बोल्टांमधलं अंतर १२० मिमी असेल तर वरच्या बोल्टवर जवळपास दहापट ओढ बसते. ९० किलोचा धक्का म्हणजे बोल्टवर ९०० किलोच्या घरात. लाकूड कोणतंही असो, मागची तुळई फाटली तर खांब जातो. म्हणून १२ मिमीचे आरपार बोल्ट, मागे मोठ्या चकत्या, आणि तुळईच्या मागच्या बाजूला आडवा ठोकळा. खांब आणि तुळई यांच्यात १० मिमीची फट, म्हणजे पाणी अडकणार नाही आणि वारा लागेल.

प्रत्यक्ष काम

जुन्या सागात खिळे असणार हे गृहीत होतं. धातुशोधक फिरवून ते काढले आणि मगच यंत्रात घातला. तरी एका नगात तुटलेलं टोक राहिलं आणि रंध्याचं पातं गेलं.

इपेत भोक पाडूनही स्टेनलेसचे स्क्रू तुटत होते. स्टेनलेस त्या मानाने मऊ आणि घर्षणाने तापतं. मिस्त्रींनी भोकाचा व्यास थोडा वाढवला, स्क्रूला मेण लावलं आणि यंत्राचा वेग उतरवला. त्यानंतर तुटणं जवळपास थांबलं. इपेची प्रत्येक कापलेली बाजू त्याच दिवशी मेणाने बंद केली. नाहीतर रातोरात टोकाला केसासारख्या चिरा दिसू लागतात.

हातपट्टी स्टील चौकटीवर खालून स्क्रूने बसवली. स्टीलमधली भोकं लांबट ठेवली, म्हणजे लाकूड हललं तर हलू द्यावं. लाकूड आणि स्टील यांच्यात ३ मिमीच्या नायलॉन चकत्या. सांधे खांबांवर, तिरपे, कोरडे आणि २ मिमी मोकळे. एकाच ठिकाणी, आजींच्या खुर्चीजवळ, पट्टी सलग दिसावी म्हणून मालकांनी सांधा चिकटवून घेतला: अ‍ॅसिटोनने सागाचं तेल पुसून लगेच इपॉक्सी.

रंगाबद्दल बरीच वादावादी झाली. चकचकीत वॉर्निश आम्ही ठामपणे नाकारलं. लाकूड हलतं, थर हलत नाही, मग तो पापुद्र्याने निघतो आणि सगळं खरवडून काढावं लागतं. काहीच न लावता राखाडी होऊ द्यावं हा आमचा सल्ला. मालकांनी पहिल्या वर्षी जवसाचं तेल लावून बघायचं ठरवलं.

दोन पावसाळ्यांनंतर

कठडा घट्ट आहे. खांबांवर पृष्ठभागी बारीक चिरा आहेत, खोल नाहीत. इपे आणि साग सुरुवातीला दोन घरांतून आणल्यासारखे दिसत होते. आता दोघेही एकाच रुपेरी रंगाचे झाले आहेत. उन्हातली अतिनील किरणं लाकडाचे तंतू जोडून ठेवणारं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे उरतो तो रंग जातीनुसार फारसा बदलत नाही. रंग जुळावा म्हणून इपेचा हट्ट होता, तो प्रश्न असा आपोआप सुटला.

जवसाच्या तेलाने सावलीच्या बाजूला काळे ठिपके आले. ते तेल बुरशीचं खाद्य असतं. ऑक्झॅलिक आम्लाने पुसून साफ केलं आणि तेल बंद झालं.

खुर्चीजवळचा चिकटवलेला सांधा दुसऱ्या उन्हाळ्यात उघडला. शेजारचे मोकळे सांधे होते तसेच आहेत.

दोन खांबांवर निळे-काळे डाग उमटले. काम चालू असताना जिन्याचं साधं लोखंड डेकवरच घासलं गेलं होतं. उडालेला कीस खांबांवर बसला आणि पहिल्या पावसात लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याची प्रक्रिया झाली. तेही ऑक्झॅलिक आम्लाने बरेचसे गेले. स्टीलच्या गजांवर समुद्राच्या बाजूने चहाच्या डागासारखी तपकिरी झाक येते. ३१६ असूनही येते, कारण मीठ धुतलं जात नाही. गोड्या पाण्याने धुतली की जाते; आतून गंज नाही.

काय वेगळं करता आलं असतं

आजींना पहिल्याच बैठकीत बोलवायला हवं होतं. कठडा सगळ्यात जास्त कोण धरणार हे कुणी विचारलं नाही, म्हणून जातींच्या तक्त्यावर बराच वेळ गेला.

खांबही इपेचे असायलाच हवे होते का? मला शंका आहे. ३१६ च्या नळीचे खांब केले असते तर बुडाशी लाकूडच उरलं नसतं, साइट्सच्या कागदपत्रांचा प्रश्न संपला असता आणि परदेशी लाकडाचा वापर शून्यावर आला असता. दिसायला थंड वाटलं असतं, हे खरं. मालकीणबाईंचं मत त्याच्या विरुद्ध आहे: त्यांना खांबांचा भरीवपणा आवडतो.

सागाच्या तपासणीत एक नग निसटला. त्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीचा पांढरा भाग होता, तेल लावल्यावर तो दिसेनासा झाला. आता तिथे नख रुततं. नग कोरडे, बिनतेलाचे आणि दिवसाच्या उजेडात चारही बाजूंनी बघायला हवे होते. मोकळ्या सांध्यांमुळे तो एकच तुकडा चार स्क्रू काढून बदलता येईल. उरलेल्या तुळईतला गाभ्याचा नग मिस्त्रींनी बाजूला काढून ठेवला आहे. उघडलेला सांधाही त्याच वेळी कापून मोकळा करायचा आहे. तेवढं काम पावसाळ्याआधी उरकायचं.